खुंटीवर उलटं जाकीट

४ ऑक्टोबर

बारके,

फोनवर बोलायचं नाही असं ठरवून हे पत्र लिहितोय. फोनवर तू मध्येच बोलतेस, मी मध्येच फोन ठेवतो, आणि मग आई दोन दिवस आपल्या दोघांनाही "काय झालं, काय झालं" करून भंडावते. कागदावर निदान माझं वाक्य पूर्ण होईल.

बाबांचं जाकीट परत पाठव.

"दादा, आमच्या वस्तुसंग्रहालयात रस्त्याच्या कपड्यांचं प्रदर्शन आहे, दोन महिन्यांसाठी देतोस का?" असं म्हणून तू ते दाराआडच्या खुंटीवरून काढलंस आणि पिशवीत कोंबलंस. बाबा आंघोळीला गेले होते. मीही असा शहाणा, की हो म्हणालो. तेव्हा उकाडा होता, मला वाटलं थंडीच्या आत येईल परत. आता थंडी तोंडावर आलीय आणि खुंटीवर नुसती छत्री लटकतेय.

बाबांनी पहिल्या दिवशी कपाट उपसलं. दुसऱ्या दिवशी माळा. तिसऱ्या दिवशी त्यांनी निष्कर्ष काढला की इस्त्रीवाल्याने हरवलं. अगं, ते जाकीट जन्मात कधी इस्त्रीला गेलं होतं का? डांबराचे डाग पडलेलं, पुठ्ठ्यासारखं कडक! पण बाबांना सांगणार कोण? खाली जाऊन त्या बिचाऱ्याला नाही नाही ते बोलून आले. तो माणूस आपल्या शाळेच्या गणवेशापासून आपले कपडे करतोय. "काका, तुमचं जाकीट मी पाहिलं तरी का?" म्हणाला, तर बाबा म्हणे, "पाहिलं नसतंस तर हरवलं कसं असतंस?" चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. आता बाबा स्वतः इस्त्री करतात. माझ्या दोन सदऱ्यांच्या पाठीवर इस्त्रीचा तिकोनी डाग आहे. ते घालून मी कामाला जातो, आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो की वरून माझा मदतनीस हसतो.

तू म्हणशील, खरं सांगून टाक. काय सांगू? की बाबा, रस्ते दुरुस्तीच्या खात्यात तुम्हाला मिळालेलं जाकीट तुमच्या लेकीने काचेच्या पेटीत ठेवायला नेलंय, कारण मी सतरा वर्षांचा असताना ते घालून बँकेच्या कमानीखाली नाचायचो? त्या गोष्टीवर आपल्या घरात कोणी बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे. ते झाकण तसंच राहू दे.

पार्सलने पाठव. टपालखर्च मी देतो.

दादा

---

१२ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मोठ्या बाईंसमोर उघडलं आणि इस्त्रीच्या डागापाशी हसले, म्हणून आधीच बोलणी खाऊन झाली आहेत. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. त्या हसत नाहीत.

जाकीट आत्ता पाठवता येणार नाही, कारण ते फ्रीजरमध्ये आहे. ओरडू नकोस. बाहेरून आलेलं प्रत्येक कापड आम्ही पिशवीत सीलबंद करून आधी गोठवतो, म्हणजे कसर, किडे, अंडी, सगळं मरतं. शेजारी एक राजघराण्यातला झगा आहे. बाबांच्या जाकिटाला आयुष्यात एवढी चांगली संगत लाभली नसेल. खिशात शेंगदाण्याची टरफलं सापडली, त्यांचीही नोंद झाली. चार टरफलं वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत आणि त्या पाकिटाला नंबर आहे. माझ्या नोकरीला हसायचं असेल तर हस.

आता दुसरी गोष्ट. ही सांगताना मी खुर्चीत जरा मागे सरकून बसलेय असं समज. वस्तू आत घेताना दोन कागद असतात, एक उसनवारीचा आणि एक कायमच्या भेटीचा. दोन्ही हिरवे. त्या दिवशी माझ्यासमोर चाळीस जोडी बूट होते, एका नाचणाऱ्याच्या पंचवीस टोप्या होत्या, आणि मोठ्या बाई डोक्यावर उभ्या होत्या. मी चुकीच्या हिरव्या कागदावर सही केली. जाकीट आता संग्रहालयाचं आहे. ते परत काढायचं तर समिती बसावी लागते, आणि समिती वर्षातून एकदा बसते, तीही चहा गार होईपर्यंतच.

मला माहीत आहे. मला माहीत आहे! मी स्वतःच्या कपाळावर इतक्यांदा हात मारलाय की तिथे खळगा पडायचा.

पण दादा, एकदा प्रदर्शन तरी बघ. लोकांना वाटतं हे कपडे दुकानांनी काढले. मला हे दाखवायचंय की ते कामावरून आले. डोक्यावर टोपी शिवलेली जर्सी थंड गोदामात बर्फाशेजारी माल उचलणाऱ्यांची. ढगळ विजार कारखान्यातली. भल्यामोठ्या बुटाचा जाड तळवा खेळाच्या मैदानावरचा. ज्यांना कुठल्या क्लबात, कुठल्या हॉलात कोणी आत घेत नव्हतं, त्यांनी रस्ता हीच आपली बैठकीची खोली केली आणि घरात जे होतं ते घालून तिथे ऐटीत उभे राहिले. आणि आपलं जाकीट तर सगळ्यांत भारी, कारण तू ते उलटं घालायचास. मी ते तसंच उलटं लावणार आहे. पाटीवरचा मजकूरही मंजूर झालाय, वाच:

"खात्याचं नाव आत दडवून शिवणी बाहेर आणणं म्हणजे मालकाच्या ओळखीला दिलेला नकार होय. शिवणींवर लावलेले पिवळे पट्टे हे या नाचणाऱ्या गटाचं निशाण होतं."

कसं वाटलं?

बारकी

---

१९ ऑक्टोबर

बारके,

कसं वाटलं विचारतेस? पत्र वाचून मी पाणी प्यायलो, मग पुन्हा वाचलं, मग पुन्हा पाणी प्यायलो.

मालकाच्या ओळखीला नकार! डोंबलाचा नकार! अगं, खात्याचा नियम होता की गणवेशाचं जाकीट कामगाराशिवाय कोणाच्या अंगावर दिसलं तर कामगाराच्या पगारात कपात, शिवाय नोकरीच्या पुस्तकात लाल शेरा. पाठीवर हातभर पांढऱ्या अक्षरांत खात्याचं नाव. म्हणून मी उलटं घालायचो. भीतीने! त्यात बंड नव्हतं की तत्त्वज्ञान नव्हतं. खिशांच्या पिशव्या बाहेर लोंबायच्या, बोकडाच्या कानांसारख्या. माझ्याबरोबर नाचणारे लंबू आणि ढोल्या मला हसायचे, आणि मग पंधरा दिवसांनी लंबूनेही त्याच्या आईची गोदामातली जर्सी उलटी घातली, का तर मी घातली म्हणून. झाली फॅशन! तुमच्या मोठ्या बाईंना सांग.

आणि ढगळ का, तर बाबा माझ्या दीडपट होते. जाड का, तर फरशीवर पाठीवर फिरायचं तर साध्या सदऱ्याची चिरगुटं होतात आणि आई मारते. एवढंच. गेल्या आठवड्यात एका मोठ्या दुकानाची लिफ्ट दुरुस्त करायला गेलो होतो. तिथे काचेमागे जाकीट टांगलेलं, शिवणी बाहेर, खिशाच्या पिशव्या बाहेर. मी भाबडेपणाने म्हणालो, "अहो, उलटं लागलंय." तो विक्रेता पोरगा माझ्या डाग पडलेल्या सदऱ्याकडे बघत म्हणाला, "काका, ते तसंच असतं." मी किंमत वाचली आणि निमूटपणे खड्ड्यात उतरलो.

पण एक कबूल करतो. फिरताना मजा यायची. संध्याकाळी बँक बंद झाली की कमानीखालची फरशी आमची. मला भोवरा म्हणायचे. डोक्यावर फिरायला लागलो की गाडीवाले गाड्या थांबवायचे. दिवसभर त्याच रस्त्यावर बाबा खड्डे बुजवायचे, तेव्हा त्यांच्याकडे कोणी बघायचं नाही. तेच जाकीट संध्याकाळी माझ्या अंगावर, आणि लोक गोल करून उभे. मला वाटायचं, बाबांनी एकदा बघावं.

बघितलं. तू तेव्हा तापाने घरी होतीस म्हणून तुला ऐकूनच माहीत. त्या दिवशी मला उशीर झाला होता, खुंटीवरून जाकीट ओढलं, पळता पळता अंगात घातलं, आणि पहिलीच फेरी चालू असताना बाबा आले. गर्दीतून वाट काढत आले, माझा कान धरला आणि सगळ्यांसमोरून घरापर्यंत तसाच नेला. एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. लंबू, ढोल्या, समोरची मुलगी जिच्यासाठी मी तीन दिवस ती फेरी घोटत होतो, सगळे बघत होते. मला काय समजायचं ते मी समजलो. जन्मभर रस्त्यावर राबलेल्या माणसाला आपला मुलगा रस्त्यावरचा झालेला नको होता. पुन्हा मी कमानीखाली गेलो नाही. आणि बाबांचा टोमणा बघ, त्यानंतर कितीतरी दिवस ते कामावरून आले की जाकीट मुद्दाम उलटं करून खुंटीला अडकवायचे. म्हणजे, बघ, तुझी चोरी मला माहीत आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मी जाता-येता मान फिरवायचो.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. ते पिवळे पट्टे आमचे नाहीत! आमच्या वेळी ते नव्हतेच. शिवणींचे दोरे लोंबायचे नुसते. नंतर कधीतरी आईने जाकीट टिकावं म्हणून स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्याचे लावले असतील. म्हणजे तुमच्या गटाचं निशाण म्हणजे आईचा पडदा. लिही पाटीवर.

दादा

---

१ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला तुझा कान धरावासा वाटला. एवढं सगळं तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस? मी त्याच घरात राहत होते ना?

पाटीचं घोडं पुन्हा अडलंय. मोठ्या बाईंना "भीतीने" हा शब्द चालेना. त्या म्हणाल्या, "भीती प्रदर्शित होत नाही." मी म्हटलं, "बाई, मग राजघराण्याच्या झग्यात काय प्रदर्शित होतं?" त्यांनी चष्मा पुसला आणि लाल पेन मागितलं. शेवटी पाटीवर "सक्तीने" आलं. भीतीपेक्षा बरं म्हणे.

पट्ट्यांसाठी आईला फोन केला. आई उसळलीच. "मी? ते टाके माझे? असे टाके घातले असते तर माझ्या आईने मला जेवायला वाढलं नसतं!" शिवाय स्वयंपाकघराचा पडदा हिरवा होता, पिवळा कधीच नव्हता, आणि तुला एवढंही आठवत नाही म्हणून तुझ्या नावाने वेगळी पाच मिनिटं. तिची समजूत अशी, की पट्टे तुम्ही पोरांनीच लावले. मग मी भिंग घेऊन बसले. आई बरोबर आहे. टाके ढोबळ आहेत, एक लांब एक आखूड, दोरा मेण लावलेला जाड, ताडपत्री शिवतात तसला. कापडही पडद्याचं नाही, घट्ट विणीचं आहे. प्रत्येक शिवण मात्र शेवटपर्यंत झाकली आहे, काखेतली सुद्धा, आणि काखेतली शिवण झाकणं म्हणजे बोटांना भोकं पाडून घेणं. खिशाच्या पिशव्यांचे लोंबणारे कानसुद्धा कोणीतरी चौकोनी टाचून बसवलेत. तू म्हणतोस तुम्ही नाही, आई म्हणते ती नाही. मग कोण, मोठ्या बाई? मी पाटीवर गटाचं निशाण तसंच ठेवलंय. तुम्ही नाही असं तू म्हणतोस, पण तुला तर पडद्याचा रंगसुद्धा आठवत नाही.

उद्घाटन पंधरा तारखेला आहे. आणि ऐक, आधी खाली बस. आईबाबांना मी तिकिटं पाठवली आहेत. आईला सांगितलंय, "बाबांच्या जुन्या कामाचं काहीतरी ठेवलंय, त्यांना बघायला आण." इस्त्रीवाल्यावरचं किटाळ कधी ना कधी उतरायला हवं की नाही?

बारकी

---

५ नोव्हेंबर

बारके,

तुला वेड लागलंय का?

बाबा आजपासूनच गुणगुणत बॅग भरतायत. मला म्हणाले, "माझा रोलर ठेवला असेल बघ, खात्याने दिला असेल." त्यांना वाटतंय ते रोड-रोलर बघायला चाललेत! आणि तू त्यांच्यासमोर काय धरणार आहेस? त्यांचं हरवलेलं जाकीट, तेही उलटं, आणि खाली पाटी की मुलाने हे चोरून घालून काय काय केलं. चारचौघांत. परक्या गावात.

तिकीट रद्द कर. नाहीतर पाटी काढ. नाहीतर जाकीट त्या फ्रीजरमध्ये परत कोंब आणि सांग वीज गेली. आम्ही एका घरात राहतो गं. सकाळी एकाच पेपरची दोन पानं वाटून घेतो. जेवढं चाललंय तेवढं चालू दे. मी हात जोडतो.

दादा

---

१७ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. टपालखात्याचा तुझ्यावर राग दिसतोय. बाबा पाठ थोपटून घेण्याच्या तयारीनेच आले होते, नवीन बूट घालून. रोलर कुठे आहे असं त्यांनी दारातल्या रखवालदाराला विचारलं. तो गोंधळला आणि त्याने त्यांना शौचालयाकडे पाठवलं. इथून सुरुवात.

मग मी त्यांना पेटीपुढे नेलं. काचेत, डोकं नसलेल्या पुतळ्याच्या अंगावर, वरून मंद दिवा. बाबांनी बघितलं. आईने बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मी तयारीत होते की आता ते कडाडणार, जाकीट चोरलंत म्हणून. तर ते म्हणाले, "मापात लावलेलं नाही. खांदा उतरलाय." मग चष्मा लावला आणि पाटी वाचायला लागले. बाबा पाटी वाचतात ती ओठ हलवत. "सक्तीने" पर्यंत ठीक होतं. मग "गटाचं निशाण" आलं आणि त्यांचे ओठ थांबले.

"गटाचं?" ते म्हणाले. "कुठल्या गटाचं?"

मी म्हटलं, "दादाच्या मित्रांचं, बाबा. दादा नाही म्हणतो, पण आम्हाला वाटतं त्यांनीच शिवले असतील."

"त्यांनी? त्या लंबूने? त्याला बुटाची नाडी बांधता यायची का?" एवढ्या मोठ्याने, की राजघराण्याच्या झग्यापाशी उभे असलेले पाहुणे वळले. मोठ्या बाई लगबगीने आल्या. बाबांनी काचेवर बोट ठेवलं, डाव्या काखेपाशी. "इथे टाका उसवलाय. उघडा हे. सुई द्या मला." मोठ्या बाई म्हणाल्या, "वस्तूला हात लावता येणार नाही, काका, नियम आहे." बाबा म्हणाले, "बाई, मी शिवलंय ते. माझा टाका आहे. मी हात नाही लावायचा तर काय तुम्ही लावणार?"

दादा, मी पुन्हा कपाळावर हात मारला. काखेत कळसा नि गावाला वळसा. महिनाभर भिंग घेऊन बसले होते मी. ताडपत्रीचा दोरा आहे हे मीच तुला लिहिलं. आपल्या घरात ताडपत्रीची सुई कोणाच्या हातात असायची हे मात्र मला सुचलं नाही, तुला नाही, आईला नाही!

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तू मला जे लिहिलंस ते. कान, टोमणा, उलटं अडकवणं, सगळं. रागावायचं तर रागाव. माझ्या घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत, "कागद आहे का" म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, उद्या तर घरी जाणार, समोरच बोला." ते म्हणाले, "समोर बसलो की तो पेपरात तोंड घालतो. मीही घालतो." आईने नकार देऊन पाहिला, पण ते आणखी आठवडाभर इथेच राहणार आहेत, तुझं उत्तर येईपर्यंत. हट्टीपणा कुठून आलाय ते आता कळलं ना?

त्यांचं पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही.

वाचलंय.

बारकी

---

१६ नोव्हेंबर

चिरंजीवास आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही. आजवर खात्याला रजेचे अर्ज लिहिले तेवढेच. तेव्हा जे येईल ते वाचून घे.

तू काय समजून बसलास ते मला काल कळलं. ऐकून मला इतका राग आला की जेवण गेलं नाही. तुझ्यावर आला, माझ्यावर आला, आणि तुझ्या आईवर उगाचच आला.

अरे शहाण्या, त्या दिवशी जाकीट सुलट होतं! तू घाईत सुलटंच अंगात घातलंस. पाठीवर खात्याचं नाव, हातभर अक्षरं, दिव्याच्या उजेडात गरगर फिरतंय आणि समोरच्या दुकानाशी आमचा साहेब पाठमोरा सिगारेट पेटवतोय. तो वळला असता तर लाल शेरा. मी धावत आलो. पहिलं हाताला काय लागलं, तर कान. म्हणून कान धरला. मागे साहेब होता म्हणून तोंड उघडलं नाही. नाचाचा काय संबंध?

नाच मी आधीही बघितला होता. खांबाआड उभा राहून. पुष्कळदा. तू डोक्यावर फिरायचास तेव्हा मी खांब घट्ट धरायचो. आमच्या कामाच्या गँगमधला एक जण म्हणाला, "तो उलट्या जाकीटवाला पोरगा बघा, काय फिरतोय." मी म्हटलं, माझा आहे. पण त्या दोरे लोंबणाऱ्या शिवणींची मला लाज वाटायची. लोक गोल करून बघतात आणि माझा मुलगा चिंध्या घालून फिरतो.

घरी आणल्यावर सांगणार होतो. तू दार लावून घेतलंस. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, तू माझ्याकडे बघेनास. मला बोलणं जमत नाही हे तुला ठाऊक आहे. म्हटलं, हाताने सांगू. खड्ड्यापुढे लावायच्या पिवळ्या निशाणाचं कापड उरलं होतं, ते कापलं आणि जेवणाच्या सुट्टीत बसून पट्टे लावले. बरेच दिवस लागले. गँग हसायची, मुकादम शिंपी झाला म्हणून. उलट बाजू सुलट बाजूपेक्षा चांगली केली. आणि रोज संध्याकाळी तीच बाजू वर करून तुझ्यासाठी खुंटीला अडकवून ठेवायचो. घाल आणि जा, म्हणून.

सकाळी ते तसंच असायचं. मी सुलट करून कामावर घालून जायचो.

टोमणा म्हणे! किती दिवस अडकवलं असेल! शेवटी मला वाटलं, तुझंच मन उडालं. पोरांचं उडतं. म्हणून सोडून दिलं. एक शब्द विचारला असतास. मीही बोललो असतो तर काय जीभ झडली असती? दोघांनी मिळून चांगला घोळ घातला.

त्या बाईंना जाकीट राहू दे म्हणालो. पण काखेतला टाका घालू देईपर्यंत इथून हलणार नाही. नियम असला तर असू दे. पाटी बदलणार आहेत. मला दुसरं जाकीट घेऊन दे, पाठीवर काही लिहिलेलं नको. आणि इस्त्रीवाल्याची माफी तू माग. जाकीट न्यायला हो कोण म्हणालं होतं?

तुझे वडील

---

२२ नोव्हेंबर

बाबा,

इस्त्रीवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "काकांना म्हणावं, स्वतः इस्त्री करायची हौस फिटली असेल तर कपडे पाठवा." डाग पडलेले सदरे बघून त्याने डोक्याला हात लावला. तुमच्यासाठी जाकीट आणलंय, साधं, राखाडी. दुकानात उलटसुलट करून दोन्ही बाजू बघून घेतल्या.

तुमचं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. तुम्ही खांबाआड उभे होतात हे मला तेव्हा माहीत असतं तर, पण जाऊ दे. आपण दोघेही एकाच जातीची गाढवं. बारकीलाही हे वाचू दे, तशीही ती वाचणारच.

काल कामावरून येताना बँकेपाशी उतरलो. बँक बंद झाली होती. फरशी तीच आहे, एका कोपऱ्यात तडा गेलाय. दोनतीन पोरं होती, कानात काहीतरी घालून स्वतःशीच नाचत होती. मी पिशवी खांबाला टेकवली, तुमचं नवं जाकीट उलटं करून अंगात घातलं आणि पाठीवर एक फेरी घेतली. बाबा, एकच घेतली. अर्धीच म्हणा. कमरेत अशी उसण भरली की उठता येईना. पोरं विचारत होती, "काका, कोणाला बोलावू का?"

मी म्हटलं, नको. आणि तिथेच फरशीवर बसून राहिलो, रस्त्यावरच्या गर्दीकडे बघत. वेड्यासारखी वाट बघत होतो, की आता तुम्ही याल आणि कान धरून घरी न्याल.

लवकर या.

तुमचा,
भोवरा